रोजचे अकरा किलोमीटर

गाडीतला आवाज बंद झाला, त्या दिवशी भिंगरी घाबरली.

नवा आवाज आला की सगळेच घाबरतात. हिचं उलटं होतं. डॅशबोर्डच्या आत, डावीकडे, वाळलेल्या शेंगेत बी खुळखुळावं तसा तो आवाज यायचा. चाळीसच्या पुढे गेलं की सुरू, साठला गप्प. दीड महिना ती त्याच्या मागावर होती. गॅरेजवाल्याने एक फेरी मारून पाहिली होती आणि "ताई, मला तर काही ऐकू येत नाही. तुम्ही कान दाखवून घ्या" असं म्हणून हात झटकले होते. आणि त्या मंगळवारी सकाळी लॅबला जाताना चाळीस गेले, पन्नास गेले, आवाज नाही.

सिग्नलला थांबल्यावर तिने डॅशबोर्डच्या फटीत बोट घातलं. आत पुठ्ठ्याची घडी घट्ट बसवलेली होती. चार पदरी, कडा कात्रीने गोल कापलेल्या. ती तिने बसवली नव्हती. तिच्याशिवाय या गाडीला कुणी हात लावत नव्हतं.

भिंगरी हे तिचं खरं नाव नव्हे. चार वर्षांची असताना ती जेवणाचं ताट दोन्ही हातांत धरून त्याचं स्टेअरिंग करायची आणि घरभर गरगर फिरायची, तेव्हा वडिलांनी ठेवलेलं नाव. वडील मोटार मेकॅनिक. चाळीस वर्षं एकाच गॅरेजमध्ये काम केलेले. लोक त्यांना मिस्त्री म्हणत आणि गाडी लांबून येताना ऐकूनच ते तिचं दुखणं सांगत. भिंगरीने तो कान घेतला, धंदा मात्र घेतला नाही. ती रक्ततपासणीच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ झाली. तिथेही रक्ताच्या नळ्या फिरवायचं यंत्र सुरू झालं की नुसत्या घरघरीवरून ती पलीकडच्या खोलीतून ओरडायची, "समोरासमोरच्या नळ्या सारख्या भरलेल्या नाहीत गं, थांबव!" वय चव्वेचाळीस. लग्न केलं नव्हतं. त्याची दोन-तीन कारणं होती आणि आता तीही जुनी झाली होती.

गाडी लाल, लहान, पेट्रोलवरची, बारा वर्षांची. शर्यत वगैरे तिच्या स्वप्नातही नव्हती. घर ते लॅब नऊ किलोमीटर, तेवढाच प्रवास. पण त्या नऊ किलोमीटरांत तिचं डोकं क्षणभर रिकामं नसे. पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील इतकं अंतर ती ठेवायची. शंभर मीटरवरचा लाल सिग्नल मनात मोजून पाय असा सैल करायची की पोचेपर्यंत हिरवा व्हावा आणि ब्रेक लागू नये. लागला नाही की दिवस चांगला. शेजारून जाणाऱ्या माणसाचं तोंड ती बघायची नाही, त्याची चाकं बघायची. हा घाईत आहे, हा घरी भांडून निघालाय, ही शिकाऊ आहे, याचा पुढचा डावा टायर दोन महिने टिकणार नाही. कुणी क्लचवर पाय ठेवून चढावर उभं राहिलं की तिला ते ऐकवायचं नाही, जणू कुणी जनावराला मारतंय. खड्ड्यात चाक गेलं की ती गाडीची माफी मागायची, मोठ्याने. आणि गाडी लावून जाताना एकदा मागे वळून बघितल्याशिवाय तिचा पाय पुढे पडत नसे. रात्री झोप आली नाही की पांघरुणाखाली तिचा डावा पाय दबायचा, हात गियर टाकायचा आणि तिसऱ्यावर येईपर्यंत डोळा लागायचा.

अशा बाईच्या गाडीतला आवाज कुणीतरी परस्पर काढून टाकला होता.

गुरुवारी गाडीची डावीकडे ओढ घेण्याची सवय गेली. तिने पंपावर हवा तपासली, तर चारही टायर एका आकड्यावर. शुक्रवारी वायपरची किरकिर थांबली. कुणी चोरी करत नव्हतं, ओरखडा काढत नव्हतं. कुणीतरी तिची गाडी सुधारत होतं. एरवी तिला आनंद व्हायला हवा होता. पण दार उघडून आत बसण्याआधी आता ती मागची सीट बघून घ्यायची. कुणी आपल्या अंथरुणात झोपून, ते पुन्हा नीट घडी करून ठेवून गेल्यासारखं वाटायचं.

सोमवारी आरसा हलला होता. ती बसली आणि वर नजर टाकली, तर मागची काच दिसायच्या ऐवजी गाडीचं छत दिसलं. आरसा तिच्यापेक्षा चांगल्याच उंच माणसासाठी लावलेला होता.

तिने किलोमीटरचा आकडा बघितला. तो तिला पाठ असायचा. काल दुपारी गाडी लावल्यापासून अकरा किलोमीटर जास्त झाले होते. मंगळवारी पुन्हा अकरा. बुधवारी किल्ली उशीखाली घेऊन ती दुपारची झोपली. गुरुवारी सकाळी बघितलं, अकरा.

घरात तिच्याखेरीज एकच माणूस होता. बाबा. आणि बाबांचं होणं शक्य नव्हतं.

बाबांची स्मृती गेल्याला तीन वर्षं झाली होती. आधी शब्द गेले, मग वार, मग माणसं. पाठीला बाक आला, हनुवटी छातीला टेकली. झोपायच्या खोलीतून बाथरूमला जाताना ते स्वयंपाकघरात जाऊन उभे राहायचे. गेल्या चौदा महिन्यांत त्यांनी भिंगरीला एकदाही नावाने हाक मारली नव्हती. तिला ते "अहो बाई" म्हणायचे आणि पाणी दिलं की आभार मानायचे. परक्याचे मानावे तसे. ते आभार तिला शिवीपेक्षा लागत.

दोन वर्षांपूर्वी ते गाडी भर रस्त्यात चालू ठेवून, दार उघडं टाकून चालत घरी आले होते. तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, स्टेअरिंगला हात नाही. दादा, म्हणजे तिचा थोरला भाऊ, दुसऱ्या शहरातून धावत आला होता. जाताना जिन्यात उभा राहून म्हणाला होता, "हे बघ, मी स्पष्ट सांगतो. पुन्हा एकदा जरी ते गाडीत बसले ना, तर मी त्यांना घेऊन जाणार. आमच्याकडे चांगली संस्था आहे. चोवीस तास नर्स. तुझं प्रेम वगैरे ठीक आहे, पण उद्या कुणाचं मूल चाकाखाली आलं तर?"

"येणार नाही," ती म्हणाली होती. "माझा शब्द."

त्या शब्दावर बाबा घरात होते. बाबा संस्थेत गेले की आठ दिवसांत संपतील, याची तिला मनोमन खात्री होती. त्यांना इथे पलंगाची बाजूसुद्धा आठवणीने नव्हे, हाताच्या सवयीने सापडायची.

"ताई, एक विचारू का?" सकाळी बाबांना सांभाळायला येणाऱ्या मावशींनी शुक्रवारी निघताना तिला दारातच धरलं. भिंगरी अडीचला यायची तेव्हा मावशी चपला घालूनच उभ्या असायच्या.

"विचारा."

"तुमचे बाबा रिटायर झालेत ना नक्की?"

"म्हणजे?"

"नखं बघा त्यांची. रोज ब्रशने घासते मी. रोज सकाळी परत काळी! तेलकट काळी. माझा हात दुखून आला. आणि सकाळी उठवलं तर उठत नाहीत, जसं काही यांनी रात्रभर दगड फोडलेत." मावशींनी पर्स काखेत मारली. "काय ते बघा बाई. साबण माझ्या पगारातून नको जायला."

भिंगरीने दार लावलं आणि बाबांचा हात हातात घेतला. ते निमूट बसले होते. नखांच्या कडांना काळी रेघ होती. हात नाकाशी नेला. ग्रीस. लहानपणीच्या रोजच्या संध्याकाळचा वास.

ती खाली गेली. फाटकाशी नवा वॉचमन होता. महिनाही झाला नव्हता त्याला.

"माझी गाडी माझ्यामागे कोण नेतं?" तिने शक्य तितक्या सहज विचारलं.

"लाल ना? तुमचे पाहुणे नेतात की."

"कोण पाहुणे?"

"ते उंच गृहस्थ. ताठ एकदम. गाडीत बसलेले असतात, काच खाली करून मला सलाम ठोकतात. इथे कुणी बघतसुद्धा नाही आमच्याकडे, मॅडम." तो खूश होऊन सांगत होता. "तीनला जातात, पावणेचारला परत. घड्याळ लावून घ्यावं."

"आणि गाडीपाशी कुठून येतात? जिन्यातून?"

वॉचमन विचारात पडला. "ते नाही बघितलं. जिन्यातून एक वाकलेले आजोबा उतरतात कधी कधी, भिंतीला धरून. ते तुमचे बाबा ना? त्या दोघांना एकत्र नाही बघितलं मी कधी."

दादाला फोन करायला हवा होता. तिने केला नाही. एकदा स्वतः बघते, मग करते, असं तिने ठरवलं. स्वतःला फसवताना माणूस नेहमी "एकदाच" म्हणतं.

शनिवारी दुपारी ती कानात कापसाचे बोळे न घालता झोपली. लॅबमधल्या यंत्राची घरघर कानात राहते म्हणून ती रोज दुपारी बोळे घालायची. पहाटे पाचला उठणारं शरीर, झोप मेल्यासारखी. बाबांना हे बरोबर कळलं होतं, की न कळताच साधलं होतं, कोण जाणे. पावणेतीनला पलंग कुरकुरला. पावलं फरफटत गेली, ती सरळ बाथरूमशेजारच्या फडताळापाशी. एका डब्याचं झाकण निघालं. त्या डब्यात जुने नटबोल्ट होते, तिने कधी उघडला नव्हता. मेकॅनिक माणूस घरातल्या प्रत्येक किल्लीची एक जोडकिल्ली करून ठेवतो, हे तिला आठवायला हवं होतं.

ते जिन्याने निघाले. ती अनवाणीच लिफ्टने खाली गेली आणि गाडीत शेजारच्या सीटवर जाऊन बसली.

बाबा भिंतीला धरत आले. हनुवटी छातीवर, पायात सपाता. दार उघडलं, एक हात वरच्या कडेला, एक पाय आत, आणि ते बसले. मग तिने ते बघितलं. पाठ सीटला टेकली तशी ती मणक्यामणक्याने सरळ होत गेली. मान वर आली. खांदे रुंद झाले. डोकं छताला चार बोटांवर येऊन थांबलं. तिच्या शेजारी पंचेचाळीस वर्षांचा एक उंच माणूस बसला होता, बाबांच्या सपाता घालून.

त्याने आरसा लावला. मग तिच्याकडे वळून बघितलं. डोळे स्वच्छ होते आणि त्यांत ओळख नव्हती.

"बसा बाई. ट्रायल घ्यायचीय ना? पट्टा लावा."

तिने पट्टा लावला.

गाडी सुरू करून त्याने अर्धा मिनिट नुसतं ऐकलं. मग वॉचमनला सलाम, आणि गाडी रस्त्यावर. इतकं सुंदर तिला स्वतःला कधी जमलं नव्हतं. गियर बदलल्याचं मानेला कळत नव्हतं. अंतर, आरसा, वळणाची रेघ, सगळं तिच्या डोक्यात जसं असायचं तसंच, पण अडखळ न घेता. दोन मिनिटं तिची भीती गेली आणि फक्त कौतुक राहिलं.

मग सपाट, गुळगुळीत रस्त्यावर गाडी एकदम हळू झाली. दुसरा गियर. पुढची चाकं कशावरून तरी चढवून उतरवावीत तसा त्यांनी पाय सोडला आणि पुन्हा वेग घेतला. तिथे काही नव्हतं. पंधरा वर्षांपूर्वी होता, एक उंच गतिरोधक. पुढच्या रुंद चौकात त्यांनी दोन लहान हॉर्न दिले. पूर्वी तिथे भिंत होती आणि पलीकडचं दिसायचं नाही. एका जागी ते डावीकडे असे घसटून गेले की उजवीकडे कुणाला तरी वाट द्यावी. उजवीकडे कुणी नव्हतं.

तिला हळूहळू उमगत गेलं. बाबा गाडी उत्तम चालवत होते. फक्त या शहरात चालवत नव्हते.

सहापदरी रस्त्याच्या मधोमध त्यांनी गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं.

"फाटक," ते म्हणाले. "दोन-तीन मिनिटं. मालगाडी दिसतेय."

रूळ उखडून वीस वर्षं झाली होती. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. एक टेम्पोवाला बाजूने जाताना खच्चून ओरडला. बाबांनी खिडकीतून हात बाहेर काढून मागच्यांना थांबायची खूण केली, शांतपणे. त्यांचे डोळे डावीकडून उजवीकडे सरकत होते, परत डावीकडे येत होते, परत सरकत होते. ओठ डबे मोजत होते. भिंगरीने समोर बघायचं टाळलं. समोर रिकामा रस्ता होता हे तिला माहीत होतं. तरी सीटखालून तळपायांना एक बारीक थरथर लागत होती आणि इंजिन तर बंद होतं.

"बेचाळीस," बाबा म्हणाले, आणि गाडी सुरू केली.

पुढच्या वळणाला त्यांनी उजवीकडे घेतलं. तिथे पूर्वी मैदानातून जाणारी मोकळी वाट होती. आता दुकानांच्या दोन रांगा होत्या आणि मध्ये फरशीचा, पायी चालणाऱ्यांचा रस्ता, एरवी दुपारी ओस, आज शनिवारचा गजबजलेला. तिसरा गियर.

"बाबा! थांबा! बाबा!"

हा शब्द ते कुणा दुसऱ्यासाठी असल्यासारखे ऐकत होते. तिने दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. गाडी फरशीवर तिरकी घसरली, गचका खाऊन बंद पडली. बॉनेटपासून दोन हातांवर एक बाई मुलीला छातीशी कवटाळून उभी होती.

"काय केलंत हे?" बाबा चिडले. "मोकळ्या रस्त्यावर असा हँडब्रेक ओढतात?"

"बाबा, समोर बाई आहे."

त्यांनी समोर बघितलं. सरळ त्या बाईच्या चेहऱ्यात बघितलं. "कुठे?"

बाईला आता आवाज फुटला होता. "डोळे फुटलेत का? आँ? म्हाताऱ्या, दिसत नाही का तुला?" ती ओरडली आणि तिने बॉनेटवर थाडकन तळहात मारला.

बाबांनी मान तिरकी करून ऐकलं. बाईकडे नाही, पत्र्याकडे बघत. "बॉनेटचं लॉक ढिलं झालंय," ते म्हणाले. "वाजतंय."

भिंगरीने त्या बाईचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. मग बाबांना उतरवून पलीकडे बसवलं. स्टेअरिंग सुटलं तसा तो उंच माणूस आत कुठेतरी मिटून गेला. शेजारच्या सीटवर बाक आलेला म्हातारा उरला. तिची किल्ली दोनदा चुकली. परतीच्या रस्त्यावर तिचं ठरत होतं. दादाला सांगायचं. सगळं. ती मुलगी वाचली ती दोन हातांनी.

चढाच्या आधी तिने तिसऱ्यातून दुसरा टाकला. टाकताना एक बारीक ठोका एक्सलरेटरला, म्हणजे गियर रेशमासारखा बसतो. हे तिला बाबांनीच शिकवलं होतं.

"भिंगरे," शेजारून आवाज आला, "अजून ठोका उशिराच देतेस."

तिने रस्त्यावरची नजर हलवली नाही. हलवायची हिंमत झाली नाही.

"बाबा?"

"क्लच खाली गेल्यावर ठोका. आधी नाही, नंतर नाही. किती वेळा सांगायचं?" म्हातारा डोळे मिटून ऐकत होता. "जेवलीस का? आवाज खोल गेलाय तुझा."

"जेवले."

"खोटं. लॅबात तुझे लोक तुला जेवू देत नाहीत. सोड ती लॅब."

ती हसली आणि रडली, आणि तरी तिसरा गियर नीट टाकला. घर आलं होतं, तिने आणखी दोन फेऱ्या मारल्या. बाबा बोलत होते. आईचं आजारपण, दादाचे नखरे, भिंगरीचा पहिला पगार, सगळं होतं त्यांच्याकडे. कुठेही गेलेलं नव्हतं. शेवटी फाटकात तिने गाडी लावली आणि किल्ली फिरवली.

इंजिन थांबलं. बाबांनी डोळे उघडले, तिच्याकडे बघितलं आणि अंग चोरून घेतलं.

"आपण कोण?"

तिने पुन्हा गाडी सुरू केली. ते कान देऊन बसले. "हां," म्हणाले, "तर काय सांगत होतो मी?"

त्या संध्याकाळी तिने दादाला फोन केला. काही लपवलं नाही. ती मुलगी, ते दोन हातांचं अंतर, गाडी कुणीतरी नेतंय हे आठवडाभर कळूनही आपण गप्प राहिलो, हेही. शेवटी म्हणाली, "आणि गाडीत ते मला ओळखतात."

"मी येतोय," दादा म्हणाला. "संस्थेत जागा आहे. सोमवारी घेऊन जातो."

दादा रविवारी दुपारी आला. संस्थेचा अर्ज भरूनच आणला होता. बाबांनी त्याला नमस्कार केला आणि विचारलं, "गाडी कुठली आहे आपली?"

"गाडी नाही माझ्याकडे, बाबा. टॅक्सीने फिरतो." दादाने बहिणीकडे बघितलं. "बघ. आणि हे तुला गाडीत ओळखतात! तू दमलीयस, बाकी काही नाही."

"चल तर. एक फेरी."

"मला नाही बसायचं तुमच्या त्या गाडीत. बाप लेक आयुष्यभर त्या पत्र्याची पूजा करत बसलात. मी बाहेर जेवणाची वाट बघत."

"दादा, एकच फेरी. मग घेऊन जा, मी अडवणार नाही."

तो मागे बसला. भिंगरीने गाडी काढली. पहिल्या वळणाला बाबा म्हणाले, "आज बरं चालवतेस गं, भिंगरे." मग जरा मागे कान करून, खालच्या आवाजात, "मागे कोण आहे? गिऱ्हाईक का?"

आरशात दादाचा चेहरा दिसत होता. त्याला कुणी थोबाडीत मारली असती तरी तो असा झाला नसता. चारशे मीटरवर तो म्हणाला, "थांबव. मला दे चालवायला."

"तू? तुझं लायसन तरी..."

"आहे. दे."

दादा गाडी चालवतो ती बघणाऱ्याची शिक्षा. त्याने क्लच असा सोडला की गाडीने बेडकासारखी उडी मारली, तिघांच्या माना मागेपुढे झाल्या. भिंगरीने मागच्या सीटवर डोळे घट्ट मिटून घेतले.

"दादासाहेब!" बाबा गरजले. "क्लच आहे तो! पायपुसणं नाही!"

दादाच्या तोंडातून एक विचित्र आवाज निघाला. "हो, बाबा."

"हो काय हो! सतरा वर्षांचा घोडा झालास. पाय हळू सोड. अर्ध्यावर थांब. हं. आता सोड." बाबांनी मान हलवली. "माझा मुलगा म्हणून सांगायची लाज वाटते."

"वाटू दे, बाबा," दादा म्हणाला. गालावरून ओघळत होतं ते पुसायला त्याच्याकडे हात मोकळा नव्हता. मैलभर तो तसाच शिव्या खात गेला, लग्नात मिरवावं तसा. मग मागे न बघता म्हणाला, "भिंगरे, गाडी तुझ्या लॅबच्या आवारात ठेवायची. त्यांच्या नजरेला पडता कामा नये. डब्यातली किल्ली माझ्याकडे दे. मी दर रविवारी येतो."

"आणि उद्याचं?"

"उद्या मी एकटा जातो."



"डावीकडे घे," बाबा म्हणाले. "पाच वाजलेत. तुमची आई सुटली असेल क्लासातून. इथे कडेला थांब, तिला लांब चालायला नको."

आईला जाऊन सोळा वर्षं झाली होती. ती शिवणक्लास घ्यायची ती इमारत पाडून तिथे काचेचं मोबाइलचं दुकान झालं होतं. दादाने गाडी कडेला घेतली. इंजिन बंद करायचं नाही हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्याने ते बंद केलं नाही.

बाबा वाकून मागे वळले, हात लांब केला आणि फुटपाथच्या बाजूचं मागचं दार उघडलं.

"ये. पाय सांभाळ. पिशवी दे माझ्याकडे." ते थांबले. एखाद्या जाडसर बाईला साडी सावरून आत बसायला जेवढा वेळ लागतो, बरोबर तेवढा. मग त्यांनी दार ओढून घेतलं, नीट बसलंय का ते दाबून पाहिलं. "चल रे."

भिंगरीच्या लक्षात आलं की आपण पलीकडच्या खिडकीला सरकून बसलो आहोत. केव्हा सरकलो ते आठवत नव्हतं. आरशात दादा तिच्याकडे बघत होता. तिच्याकडे आणि तिच्या शेजारी.

त्याने पहिला गियर टाकला आणि या खेपेला क्लच अगदी हळू सोडला. तरी गाडी जड निघाली. मागची बाजू किंचित बसलेली, इंजिन जरा ओढ सहन करत. बारा वर्षांत भिंगरीला या गाडीचं एकेक किलो पाठ झालं होतं. तीन माणसांना घेऊन ती कशी निघते ते तिला झोपेतही सांगता आलं असतं. ही तशी निघाली नव्हती.